मदत हवी आहे: लिथियम-सल्फर सेलचं चार्जिंग संपतच नाही!

नमस्कार मंडळी. पुण्यात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गंधकाची सैद्धांतिक क्षमता ग्रॅममागे १६७५ मिलिअँपिअर-तास, या आकड्याला भुलून प्रोजेक्टला लिथियम-सल्फर घेतलं आणि आता पस्तावतेय.

कॅथोडसाठी करवंटीचा ॲक्टिव्हेटेड कार्बन आणि गंधक ४०:६०, १५५ अंशांवर १२ तास ठेवलं. त्या तापमानाला गंधक सगळ्यात पातळ असतं, छिद्रांत छान मुरतं. इलेक्ट्रोड ६० अंशांवर सुकवले. (आधी ८० ठेवलं होतं, तर ओव्हनच्या काचेवर पिवळा थर! असो.) इलेक्ट्रोलाइट नेहमीचंच: डायऑक्सोलेन-डायमिथॉक्सीइथेन निम्मंनिम्मं, त्यात १ मोलर लिथियम टीएफएसआय (लिथियमचं क्षार) आणि १ टक्का लिथियम नायट्रेट. सेलमागे ४० मायक्रोलिटर, गंधक १.७ मिलिग्रॅम.

पहिल्या सायकलला १०५० मिळाले, खूश झाले. विसाव्यानंतर मात्र चार्जिंगचा आलेख २.३५ व्होल्टला आडवा पडतो तो पडतोच, २.८ गाठतच नाही. सेल उघडला तर सेपरेटर हळदीच्या फडक्यासारखा.

पॉलिसल्फाइड (गंधक-लिथियमची मधल्या टप्प्यावरची संयुगं) विरघळून लिथियमपर्यंत ये-जा करतात आणि चार्जिंग त्यातच वाया जातं, म्हणजे शटल, हे कळतंय. पण ते रोखायलाच नायट्रेट असतं ना? की पावसाळी हवेत त्याने ओल धरली? सर म्हणतात, लिथियम-आयनसाठीचं कार्बोनेट इलेक्ट्रोलाइट पडून आहे, ते वापरून बघ. वापरू का?

गंधकवाला: कार्बोनेट नको! पॉलिसल्फाइड त्याच्यावरच तुटून पडतात, असा उघडा कार्बन असेल तर सेल पहिल्याच फेरीत बसेल. नायट्रेट व्हॅक्यूममध्ये नीट सुकवा, पण ओल असती तर रड पहिल्यापासून असती. डिस्चार्ज किती व्होल्टपर्यंत नेता?

धागाकर्ती: १.५. सीनियरने सायकलरवर (चार्ज-डिस्चार्ज करणाऱ्या यंत्रावर) ठेवलेला प्रोग्रॅम तसाच चालवतेय.

गंधकवाला: मग घोळ तिथेच दिसतोय. साधारण १.६ च्या खाली नायट्रेट कॅथोडवरच खर्ची पडतं आणि परत येत नाही. इकडे लिथियमवरचा संरक्षक थर दर चार्जिंगला तडकतो, तो सांधायलाही नायट्रेटच लागतं. दोन्हीकडून गळती, विसाव्या सायकलला डबा रिकामा. कटऑफ, म्हणजे डिस्चार्ज थांबवायचा व्होल्टेज, १.८ करा. तळाची थोडी क्षमता जाईल, जाऊ द्या. नायट्रेट २ टक्के करायचं तर नंतर, एका वेळी एकच बदल.

आणि मिलिग्रॅममागे २३ मायक्रोलिटर म्हणजे पोहायला तलाव दिलाय पॉलिसल्फाइडना. खऱ्या पाउच सेलला ५ च्या आत बसवावं लागतं, नाहीतर हलकेपणाचा सगळा फायदा इलेक्ट्रोलाइटच्या वजनात जातो. प्रोजेक्टमध्ये हा आकडा लपवू नका, परीक्षक पहिला तोच विचारतील.

धागाकर्ती: बाप रे, कटऑफकडे लक्षच गेलं नव्हतं. आज दोन सेल लावते, एक १.८ वर, एक मुद्दाम १.५ वरच. आठवड्याने इथेच आलेख टाकते, तोवर वीज टिकली तर.