डेव्हिड आहाचा हॉकआय: यात एवढं काय आहे?

पूर्वभाग_पेन्सिल
एटीडी (चित्रकला शिक्षकाची पदविका) करतोय, सोलापूर. चार पानांची कॉमिक काढतोय. एक तिरंदाज पोरगी, सात रस्त्यावरून पाठलाग सुरू, शेवट सिद्धेश्वर तलावाशी. बाण सुटतो त्या चौकटीत वेगाच्या रेघा मारमारून कागद काळा झाला, तरी बाण जागचा हलत नाही बे! एकाने सांगितलं, मार्व्हलच्या तिरंदाज नायकाची कॉमिक, हॉकआय बघ, डेव्हिड आहाने काढलेली. पहिला अंक चाळला. सपाट रंग, जाड सावल्या, चौकटीच चौकटी. लोक एवढे का वेडे झालेत?

ग्राफवाले_काका
बाण सोड, त्याच्या आजूबाजूच्या चौकटी बघ. बोटं, डोळा, ताणलेली दोरी आणि एकदम लागलेला नेम. मधला प्रवास तुझ्या डोळ्याने करायचा. चौकटी अरुंद केल्या की नजर आपोआप पळते.

मी जन्मभर चादरींसाठी जेकार्डचे ग्राफ भरले, म्हणजे मागावर विणायची नक्षी चौकटीच्या कागदावर. दोन-तीन रंगांत मोर उठवायचा म्हणजे काय, ते मला विचार. म्हणून हॉकआयमधले मॅट हॉलिंग्जवर्थचे रंग फार आवडतात. जांभळा धरून ठेवलाय, बाकीचे दबून राहतात.

मालिका 2012 ते 2015, पण सगळे अंक आहाचे नाहीत हं. चौथा-पाचवा हाविएर पुलिदोचा, यातली दुसरी हॉकआय, केट, तिचे बरेचसे अ‍ॅनी वूचे. तू अकरावा मिळव. अख्खी गोष्ट कुत्र्याच्या नजरेतून! माणसांचं बोलणं त्याला कळेल तेवढंच, आणि वासावरून कोण कुठून आलं ते छोट्या चित्रखुणा रेघांनी जोडून दाखवलंय. 2014 मध्ये आयस्नर, कॉमिक्सचं मोठं पारितोषिक, मिळालं त्या अंकाला. मग एकोणिसावा. क्लिंटला, म्हणजे हॉकआयला, ऐकू येत नाही, म्हणून संवादाचे फुगे रिकामे आणि बोलणं हातांच्या खुणांनी. हात काढायला शिकायचेत ना? हा अंक शेजारी ठेवून बस.

दोरी_आणि_नेम
चित्रकार मंडळी, एक विनंती. उजव्या हाताने, तीन बोटांनी दोरी ओढणाऱ्याचा बाण धनुष्याच्या डाव्या बाजूला बसतो. तर्जनी बाणाच्या वर, दोन बोटं खाली. हे चुकलं की आम्हाला पुढचं पान वाचवत नाही. आणि माइक ग्रेलचा 1987 चा ग्रीन अ‍ॅरो, डीसीचा तिरंदाज नायक, कसा विसरलात? तीनच अंक, पण करामती बाण बाजूला सारून साधे टोकदार बाण हातात दिले त्याने.

ग्राफवाले_काका
ग्रेलचं चित्रकाम झकास, वाद नाही. पण या पोराची अडचण पानाच्या मांडणीची आहे, तिथे आहाच कामाचा.

पूर्वभाग_पेन्सिल
काका, सहा चौकटी पाडल्या. बाणाची बाजूही बदलली. आता सात रस्त्याची गर्दी कुठे घालू?

ग्राफवाले_काका
पहिल्या चौकटीत, एकदाच, पानभर रुंद. पुढे नुसता पोरीचा कोपर आणि रिक्षाचा आरसा. त्या वेगाच्या रेघा मात्र खोडून टाक आधी.