मदत हवी आहे : ई-रिक्षाच्या जुन्या मोटरवर केळीचे घड वाहणारी गाडी

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यातील आमच्या बागेत केळीचे घड अजूनही डोक्यावर वाहून बांधापर्यंत आणावे लागतात. मजुरांचे ते कष्ट पाहवत नाहीत, म्हणून भंगारातून घेतलेली ई-रिक्षाची ४८ व्होल्ट, १००० वॅटची मोटर डिफरन्शियलसह (मोटरचा वेग कमी करून जोर दोन्ही चाकांना वाटून देणारी गिअरपेटी) वापरून मी एक छोटी गाडी तयार करीत आहे. मोटर मिनिटाला सुमारे ३००० फेरे घेते, डिफरन्शियल ते दहापट कमी करते आणि चाकाचा परीघ सव्वा मीटर आहे. म्हणजे गाडी ताशी २२ किलोमीटरने धावेल, आणि ३०० किलो घडांसह ओल्या काळ्या मातीत हा वेग काहीच कामाचा नाही.

त्यामुळे मोटर आणि डिफरन्शियल यांच्यामध्ये मोटारसायकलचे १४ व ४२ दात्यांचे स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चकत्या) आणि चेन बसवून वेग एक तृतीयांश करण्याचा विचार आहे. अडचण अशी की मोटरच्या शाफ्टला खाचा आहेत, आणि स्प्रॉकेट थेट वेल्डिंग केल्यास उष्णतेने बेअरिंग खराब होईल अशी भीती वाटते. डिफरन्शियलचा जुना, खाचांचा गिअर कापून त्यावर स्प्रॉकेट बसवणे टिकेल का? ३००० फेऱ्यांवर चेन तग धरेल, की ती डिफरन्शियलच्या पुढे, चाकाकडे घ्यावी? कोणी असे काम स्वतः केले असल्यास कृपया सविस्तर सांगावे.