सासूबाईंना ढाणीत न्यायचंय, पण खाली बसता येत नाही, काय करू? (इंदूर)

सुदामानगरवाली:
नमस्कार मंडळी, डिसेंबरात पुण्याहून नणंद येतेय, तिची दोन मुलं आहेत, मुलगा 4 वर्षांचा न् मुलगी 9 ची, आणि नेमका तेव्हाच आईंचा म्हणजे माझ्या सासूबाईंचा 75वा वाढदिवस आहे, तर सगळ्यांनी मिळून एका संध्याकाळी राऊच्या नखराली ढाणीला, म्हणजे त्या राजस्थानी खेड्यासारख्या थाटलेल्या जेवणाच्या ठिकाणी, जावं असं चाललंय. मुलांचं काही नाही, उंट न् कठपुतळी बघून ती खूषच होतील. प्रश्न आईंचा आहे. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, मांडी घालता येत नाही, वर कवळी. आणि त्याच हट्ट धरून बसल्यात की मला एसी हॉटेल नको, तिकडे खाली बसवून आग्रहानं वाढतात ना तिकडेच चला, आमच्या लग्नात अशाच पंगती उठायच्या. त्यांचं मन मोडवत नाही हो. म्हातार्‍या माणसांना घेऊन कोणी गेलंय का? किती वाजता जावं, त्यांना काय खाऊ घालावं?

माळव्याची_लेक:
ताई नक्की न्या. आम्ही गेल्या थंडीत बाबांना नेलं होतं, ते 78 चे. फोन करतानाच सांगून टाका की बरोबर वयस्क आहेत, खुर्ची-टेबल लागेल, आणि हेही विचारा की ते बाकीच्यांजवळच मांडता येईल का, कारण सगळे खाली बसलेत न् आजी एकट्याच कोपर्‍यात टेबलावर असं झालं तर त्यांना जे हवंय तेच राहून जाईल. मनुहार तिथली खरी गोष्ट आहे, मनुहार म्हणजे आपला पंगतीतला आग्रहच. बाबांनी ताटावर आडवा हात धरला तर वाढणारा वाकून म्हणाला, बाऊजी एक म्हारे नाम की (एक माझ्या नावाची), आणि हात जरा सरकला तशी तुपात बुडवलेली बाटी ताटात! बाबा कितीतरी वेळ हसत होते, आई गेल्यापासून इतका आग्रह त्यांना कोणी केलाच नव्हता.

आता कवळीचं. बाटी सरळ आचेवर भाजतात, वरचं कवच कडक असतं. आपला माळव्याचा बाफला आधी हळदीच्या पाण्यात उकळतात आणि मग भाजतात, म्हणून तो आतून मऊ राहतो. बाफला मिळाला तर तोच घ्या, नाहीतर बाटी नीट चुरून तिच्यावर गरम डाळ ओता न् पाच मिनिटं मुरू द्या. कढी, खिचडी, चुरमा त्यांना आरामात चालेल. केर-सांगरी मात्र एक घास तरी चाखायला द्या, केर झुडपाचं फळ न् सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, वाळवून ठेवतात, आपल्याकडे रोजच्या जेवणात कुठे मिळते.

आणि उजेड असतानाच पोचा. अशा जागी वाटा मातीच्या, खालीवर, अंधार पडला की कंदिलाच्या उजेडात पायरी दिसत नाही. शाल, कानटोपी, पायात मोजे, सगळं उघड्यावर असतं.

दोन_मुलांचा_बाप:
वरच्या ताईंचं सगळं पटलं, मी लहान मुलांपुरतं सांगतो. अशाच एका थीमवाल्या ठिकाणी (इंदूरबाहेरचं, नाव घेत नाही) आमच्या साडेतीन वर्षांच्या मुलीला उंटावर एकटीला बसवलं, मी पैसे देत होतो तेवढ्यात उंट उठला. उंट आधी मागचे पाय उचलतो, माणूस एकदम पुढे कलंडतो, पोरगी घाबरून जी रडायला लागली ती घरी येईपर्यंत. पडली नाही हे नशीब, पण मला अजून ते आठवलं की पोटात गोळा येतो. म्हणून 4 वर्षांच्या मुलाला मांडीत घेऊन मोठ्या माणसानेच बसायचं, आधी बसायचं मग पैसे. कठपुतळीला पुढची जागा पकडा. त्या बाहुल्यांना पाय नसतातच, घागर्‍याखाली सगळं रिकामं असतं, आणि ती चिरकी शिट्टी बांबूची असते, खेळवणारा तोंडात धरून वाजवतो. 9 वर्षांच्या मुलीला हे आधी सांगून ठेवा, तिला बघताना दुप्पट मजा येईल.

राजवाडा_रात्रपाळी:
एवढ्या लांब कशाला, सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत न्या, डिसेंबर म्हणजे गराडूचा (तळलेल्या कंदाचा) सीझन, भुट्ट्याचं किस पण मिळेल, पाहुण्यांना खरं इंदूर दिसेल.

माळव्याची_लेक:
भाऊ, सराफा तुम्ही म्हणता तसाच आहे, पण सोन्याची दुकानं बंद झाल्यावर तो भरतो, टेकायला ओटा सापडला तर सापडला न् गर्दीत धक्के. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यांना नको. नणंदेला दुसर्‍या रात्री न्या की, आजी घरी झोपू देत.

सुदामानगरवाली:
खूप खूप आभार सगळ्यांचे, बाबांचं वाचून डोळ्यात पाणी आलं माझ्या. रविवार टाळून मधल्या वारीच जायचं ठरवलंय. आत्ताच फोन केला, टेबल पंगतीला लागूनच मांडून देतो म्हणाले. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, मग मी नऊवारी नेसते. आता एक सांगा, ऑपरेशनवाल्या गुडघ्यांना नऊवारीत गाडीत चढता-उतरता त्रास होईल का, की तिथे पोचल्यावर नेसवू? तिथे बायकांना बदलायला खोली असते का कोणाला माहीत आहे?