आपत्कालीन विभागासाठी वेगळे प्रशिक्षण हवे

पदवी घेतलेल्या फिजिशियन असिस्टंटना (डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्ण तपासणाऱ्या प्रशिक्षित सहायकांना) थेट कॅज्युअल्टीत, म्हणजे आपत्कालीन विभागात, नेमावे, तिथे ते अनुभवातून शिकतील, वेगळ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची गरज नाही, असे एक मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. अमेरिकेतही असे पदव्युत्तर प्रशिक्षण ऐच्छिक आहे. ते बहुतेक ठिकाणी १२ ते १८ महिन्यांचे असते आणि २०११ पासून आपत्कालीन वैद्यकासाठी दिले जाणारे विशेष पात्रता प्रमाणपत्रही तिथे सक्तीचे नाही. परंतु अनुभव हा समोर येणाऱ्या रुग्णांवर अवलंबून असतो आणि क्वचित येणारा रुग्ण ओळखायला तो पुरत नाही.

या मतात लक्षात न घेतलेली बाब आपल्या भागातील रुग्णांची आहे. सांगली जिल्ह्यातील एका रुग्णालयात मी रात्रपाळीला असताना, जमिनीवर झोपणारा एक शेतमजूर पावसाळ्यात पहाटे केवळ पोटदुखीची तक्रार घेऊन आला होता; दंशाची खूण नव्हती, सूज नव्हती, फक्त पापण्या जड झालेल्या होत्या. मण्यारीचा दंश अनेकदा असाच असतो, आणि अशा रुग्णाला आम्लपित्ताचे इंजेक्शन देऊन घरी पाठवले तर काही तासांत श्वसनाचे स्नायू निकामी होऊ शकतात. अनुभवी सिस्टरांनी पापण्यांकडे लक्ष वेधले म्हणून सर्पविषावरील उताऱ्याचे औषध वेळेत सुरू झाले. ऑर्गनोफॉस्फेट प्रकारच्या कीटकनाशकाच्या विषबाधेतही ॲट्रोपिन या उताऱ्याच्या औषधाची मात्रा दर पाच मिनिटांनी दुप्पट करत फुप्फुसातील स्राव आटेपर्यंत नेणे, हे जाणकाराच्या देखरेखीखाली स्वतः केल्याशिवाय येत नाही. त्यामुळे अमेरिकी अभ्यासक्रम जसाच्या तसा न आणता सर्पदंश, विषबाधा आणि श्वसनमार्गाची हाताळणी यांना त्यात पहिले स्थान द्यावे, असा माझा आग्रह आहे.