पाय सरळ हवा, कंबर नव्हे

या चर्चेत वर एकांनी लिहिलंय की मांडीतून अँजिओग्राफी (रक्तवाहिनीत नळी घालून, एक्स-रेत दिसणारं औषध म्हणजे डाय सोडून केलेली तपासणी) झाली की सहा तास लाकडासारखं उताणं पडून राहायचं, कूसही बदलायची नाही. यातलं पायाचं बरोबर आहे: ज्या जांघेतून नळी घातली तो पाय गुडघ्यात, जांघेत वाकवायचा नाही आणि मान उचलून बघायचं नाही, कारण मान उचलली की पोटाला ताण बसतो आणि तो थेट जांघेवर येतो. पण बाकीचं शरीर जखडून ठेवायची गरज नसते.

आमच्या वडिलांची इथेच नाशकात झाली. निफाडला आयुष्यभर द्राक्षबागेत वाकून काम केलेला माणूस, कंबर आधीच गेलेली. दोन तासांत चादर मुठीत धरून कण्हायला लागले. पहिल्या पाळीत कुणी लक्षच दिलं नाही. रात्रीच्या सिस्टर आल्या, डॉक्टरांना विचारून पलंगाची डोक्याकडची बाजू साधारण तीस अंश वर केली, कमरेच्या पोकळीत टॉवेलची घडी सरकवली. नंतर दोघींनी मिळून पाय सरळ ठेवून, ओंडका लोटतात तसं अख्खं अंग एकदम कुशीवर वळवलं आणि पाठीला उशी लावली. पाच मिनिटांत वडिलांची मूठ सुटली.

अजून एक, जे इथे कुणी लिहिलं नाही. डाय लघवीवाटे बाहेर जावा म्हणून पाणी भरपूर पाजतात, आणि आडवं पडून लघवी होत नाही म्हणून माणूस लाजेने दाबून धरतो. तुंबलेल्या मूत्राशयानेही कंबर-ओटीपोट ठणकतं. म्हणून पडदा ओढा, भांडं द्या. आणि खोकला आला तर जांघेवरच्या पट्टीवर तळहात दाबून धरायला सांगा. पट्टी ओली किंवा जांघ फुगलेली वाटली, तर मात्र लगेच सिस्टरना हाक मारा.