मदत हवी आहे: जुलैमध्ये विल्यम्सबर्ग, यॉर्कटाउन आणि बुश गार्डन्स, सोबत आई-बाबा आणि दोन मुलं

नमस्कार मंडळी,

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात न्यू जर्सीहून व्हर्जिनियाला विल्यम्सबर्गला जायचं ठरतंय, पाच रात्री, आणि माझं प्लॅनिंग गेले दोन आठवडे एकाच जागी अडकलंय म्हणून इथे विचारतेय. आम्ही सहा जण आहोत. मी, नवरा, मुलगी १३ वर्षांची, मुलगा ७ चा, आणि नाशिकहून आलेले माझे आई-बाबा. बाबा ७४ चे आहेत, डावा गुडघा दुखरा, सपाट जागेवर अर्धा तास नीट चालतात पण पायऱ्या किंवा चढ आला की थांबत थांबत. आई ठणठणीत आहे पण ऊन तिला अजिबात सोसत नाही.

मुलांना बुश गार्डन्स हे थीम पार्क हवंय, ते तर मागच्या सुट्टीपासून कबूल केलेलं आहे. मुलगी तिथल्या ग्रिफन या रोलरकोस्टरचे व्हिडिओ बघून बसलीय, तो २०५ फुटांवरून सरळ ९० अंशात खाली येतो. मुलाचं सगळं लक्ष व्हर्बोल्टन या दुसऱ्या रोलरकोस्टरवर. त्याला ४८ इंच उंची लागते आणि हा आत्ता ४७ च्या थोडा वर आहे. आमच्या किचनच्या दाराच्या चौकटीवर दर रविवारी बूट काढून, पाठ टेकवून, डोक्यावर पट्टी आडवी धरून पेन्सिलची रेघ मारली जाते, आणि गेल्या तीन रेघा जवळजवळ एकमेकींवरच आहेत. तो रोज न सांगता दूध पितोय.

आणि बाबांना यॉर्कटाउन बघायचंय. हे जरा सविस्तर सांगते, कारण जाता जाता तासभर थांबू अशातलं ते नाहीये. बाबांनी ३१ वर्षं हायस्कूलमध्ये इतिहास शिकवला. कॉर्नवॉलिस म्हटलं की आपल्याला शाळेतली कायमधारा पद्धत आठवते, १७९३, फार तर श्रीरंगपट्टणचा तह, १७९२. तर हाच इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १९ ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाउनला सगळ्या फौजेसकट वॉशिंग्टनला शरण आला होता, आणि पुढे पाचच वर्षांत गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला, मग टिपूविरुद्धच्या लढाईत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्या जोडीने उतरले होते. १८०५ मध्ये तो गाझीपूरला वारला, कबर तिथेच आहे. बाबा २५ वर्षांपूर्वी काशीला गेले होते तेव्हा वाकडी वाट करून गाझीपूरला ती कबर बघून आले होते. आता म्हणतात, त्याचा शेवट बघितला, तो जिथे हरला ती जागा तेवढी राहिलीय.

येताना बाबांनी दोनशे पानी वही आणलीय. त्यात यॉर्कटाउनचा नकाशा पेन्सिलने काढलाय, नदी निळ्या स्केचपेनने, ९ आणि १० नंबरच्या रिडाउटना, म्हणजे मातीच्या छोट्या गढ्यांना, लाल गोल, आणि शरणागतीच्या मैदानाखाली लिहिलंय "येथे उभे राहणे". मी ते पान त्यांच्या नकळत बघितलं आणि तेव्हापासून मला ही ट्रिप नीटच करायची आहे. एवढा लांबचा विमानप्रवास ते पुन्हा करतील असं मला वाटत नाही, त्यांनाही वाटत नाही.

भीती कसली आहे तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी आई-बाबा आले होते तेव्हा दुसऱ्या एका थीम पार्कला आम्ही सगळे दिवसभरासाठी गेलो होतो. दुपारी तीनच्या सुमारास मुलं रांगेत होती आणि बाबा एका झाडाच्या कठड्यावर बसले होते, मी पाणी घेऊन आले तर ओठ पांढरे, हात थंड आणि घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. व्हीलचेअर यायला ४० मिनिटं लागली. नंतर समजलं की त्यांना सकाळी अकरापासूनच बरं वाटत नव्हतं पण मुलांचा दिवस जाईल म्हणून बोलले नाहीत. यावेळी व्हिजिटर इन्शुरन्स चांगला घेतलाय, पण तसला प्रसंग मला परत नकोच आहे.

तर आता प्रश्न. बुश गार्डन्सला आई-बाबांना न्यावं का? नवरा म्हणतो सगळे गेलो तरच फॅमिली ट्रिप, मला वाटतं त्या दिवशी त्यांना हॉटेलवर आराम करू द्यावा, पण मग "आम्हाला सोडून गेले" असं आईला वाटेल का हेही मनात येतं. दुसरं म्हणजे जेम्सटाउन, इंग्रजांची अमेरिकेतली पहिली कायमची वसाहत, या नावाच्या दोन जागा दिसतायत, जेम्सटाउन सेटलमेंट आणि हिस्टॉरिक जेम्सटाउन, दोन्हींची तिकिटं वेगळी, यातली खरी कुठली आणि सात वर्षांच्या मुलाबरोबर कुठे जावं? विल्यम्सबर्गच्या जतन केलेल्या जुन्या गावात नुसतं फिरायला तिकीट लागतं का? पाच दिवसांचा क्रम कसा लावावा? आणि रस्ता, आय-९५ ने वॉशिंग्टनवरून जावं की डेलावेअरमधून रूट १३ ने खाली येऊन तो मोठा पूल ओलांडावा? सात सीटची व्हॅन भाड्याने घेतोय, हॉटेल किचन असलेलं बघितलंय म्हणजे सकाळी खाऊन आणि दुपारचा डबा घेऊन निघता येईल.

कोणी म्हाताऱ्या माणसांना घेऊन हे केलं असेल तर प्लीज सांगा.

*

ताई, आम्ही रिचमंडला राहतो, पाहुणे आले की विल्यम्सबर्ग ठरलेलं, त्यामुळे सासू-सासऱ्यांना घेऊन तीनदा झालंय. आधी बुश गार्डन्सचं. पूर्ण दिवस आई-बाबांना नेऊ नका. पार्क सुंदर आहे, झाडी भरपूर, पण सगळं चढउताराचं आहे, गुडघ्याला तेच बाधतं. आम्ही असं करतो, नवरा मुलांना घेऊन गेट उघडायच्या वेळेला आत, मोठ्या राइड्स पहिल्या दोन-अडीच तासांत उरकायच्या, आणि मी सासू-सासऱ्यांना संध्याकाळी पाच-सहाला घेऊन जाते. आत वाफेच्या इंजिनची ट्रेन आहे, वरून जाणारी स्कायराइड आहे, एसी थिएटरमधले शो आहेत. तुमच्या आईंना "सोडून गेले" वाटणार नाही आणि दुपारचं ऊनही टळेल. गेल्या गेल्या व्हीलचेअर भाड्याने घ्याच, बाबा नको म्हणाले तरी घ्या, सामान ठेवायला म्हणून घेतली असं सांगा, अर्ध्या तासात आपणहून बसतील.

जुलैत तिथे दुपारनंतर ढग येऊन गडगडाट होतो आणि वीज चमकली की रोलरकोस्टर बंद ठेवतात. म्हणून सुद्धा सकाळ महत्त्वाची. शनिवार-रविवार टाळा. मुलाला व्हर्बोल्टनमध्ये बसू दिलं नाही तर पेरेंट स्वॅप म्हणून सोय आहे, तुम्ही एकजण त्याच्याजवळ थांबायचं आणि नंतर परत पूर्ण रांग न लावता बसायचं. पण उंचीवरून तिथे काम करणाऱ्या मुलांशी वाद घालू नका, पाव इंचही सोडत नाहीत आणि ते बरोबरच आहे. निघायच्या आदल्या दिवशी घरीच मोजा आणि कमी भरली तर घरीच सांगा, रांगेच्या तोंडाशी समजलं तर फार रडू येतं, आमच्याकडे झालंय.

जेम्सटाउन: १६०७ ची मूळ जागा म्हणजे हिस्टॉरिक जेम्सटाउन. किल्ला नदीने गिळला असंच बरीच वर्षं समजत होते, १९९४ पासून खोदकाम झालं तेव्हा लाकडी खांबांचे मातीतले डाग सापडले आणि किल्ला बराचसा जमिनीवरच निघाला. अजूनही खोदकाम चालू असतं, कडेला उभं राहून बघता येतं, बाबांना आवडेल. सेटलमेंट ही नंतर बांधलेली प्रतिकृती, पण मुलांसाठी तीच, कारण पहिले वसाहतकरी ज्यातून आले त्या तीन जहाजांच्या प्रतिकृती तिथे धक्क्याला लागलेल्या आहेत आणि वर चढता येतं, शिवाय म्युझियम एसी. दोन्ही अगदी जवळ आहेत. तुम्ही बाबांना घेऊन एकीकडे, नवरा मुलांना घेऊन दुसरीकडे, असं केलंत तर कोणीच ताटकळत नाही. नॅशनल पार्कचा वार्षिक पास असेल तर हिस्टॉरिक जेम्सटाउनला त्यातला पार्कचाच भाग माफ होतो, ती जागा सोबत चालवणाऱ्या दुसऱ्या संस्थेचा भाग वेगळा भरावा लागतो, गेटवर तेवढ्यावरून गोंधळ होतो म्हणून सांगितलं. आणि शेजारून जेम्स नदी ओलांडणारी फेरी-बोट आहे, गाडीसकट, फुकट. पलीकडे जाऊन तशीच परत या. समुद्रपक्षी मागे लागतात, मुलं खूश. डासांचं क्रीम विसरू नका, तो भाग दलदलीचा आहे.

विल्यम्सबर्गच्या रस्त्यांवर फिरायला तिकीट नाही, घरांच्या आत जायला, लोहार किंवा छापखानावाल्यांचं काम आतून बघायला लागतं. मुख्य रस्ता जवळपास मैलभर, सपाट, दिवसा गाड्या बंद. सकाळी नऊ ते बारा करा आणि दुपारी हॉटेलवर झोपा.

*

मला फक्त रस्त्याबद्दल आणि यॉर्कटाउनबद्दल बोलायचंय, बाकी वरच्या ताईंनी उत्तम सांगितलंय.

रूट १३ नेच या. मैलांचा फार फरक नाही, सिग्नल लागतात हे खरं, पण वॉशिंग्टन ते फ्रेडरिक्सबर्ग हा आय-९५ चा पट्टा उन्हाळ्यात कधी दीड तास खाईल सांगता येत नाही. पण खरं कारण वेगळंय. तो पूल म्हणजे चेसापीक बे ब्रिज-टनेल, १९६४ साली सुरू झालेला, साडेसतरा मैल, मध्ये दोनदा पाण्याखाली बोगद्यात शिरतो कारण वरून जहाजं जातात. आणि तो बरोबर उपसागराच्या तोंडावर आहे. ५ सप्टेंबर १७८१ ला याच तोंडाबाहेर ॲडमिरल द ग्रासच्या फ्रेंच आरमाराने इंग्रजांचं आरमार परतवून लावलं. कॉर्नवॉलिस यॉर्कटाउनला समुद्रातून मदत येईल म्हणून बसला होता, ती वाट इथे बंद झाली. म्हणजे वेढा सुरू व्हायच्या आधीच निकाल बराचसा या पाण्यावर लागला होता. तुमच्या बाबांची यॉर्कटाउनची ट्रिप त्या पुलावरच सुरू होईल. पूल ओलांडल्यावर पुढे आय-६४ वर हॅम्प्टनचा बोगदा लागतो, तिथे गर्दी होते, शुक्रवार-शनिवार दुपार टाळा.

यॉर्कटाउनला गुडघ्याची चिंता करू नका. रणांगण गाडीतूनच बघायचं असतं, एक साधारण ७ मैलांचा रस्ता आणि एक ९ मैलांचा, बाण लावलेले आहेत. दोन्ही रिडाउट पार्किंगजवळ. १४ ऑक्टोबरच्या रात्री ९ नंबर फ्रेंचांनी घेतला आणि १० नंबर हॅमिल्टनच्या अमेरिकन तुकडीने. शरणागतीच्या मैदानावरही गाडी जवळ जाते. बाबांना माहीतच असेल की कॉर्नवॉलिस स्वतः त्या मैदानावर आलाच नाही, आजारी आहे सांगून आपल्या दुय्यम अधिकाऱ्याला, ओहाराला, तलवार देऊन पाठवलं, आणि वॉशिंग्टननेही मग ती आपल्या दुय्यम अधिकाऱ्याला, लिंकनला, घ्यायला लावली. दुपारी मुलांना खाली यॉर्क नदीच्या बीचवर सोडा, गाव आणि बीच लागूनच आहेत. रणांगणासाठी मात्र सकाळ ठेवा, तिथे सावली नाही.

*

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर सगळं बाबांना वाचून दाखवलं. पुलाचं आलं तेव्हा त्यांनी मला थांबवलं, चष्मा लावला, वही आणली आणि नकाशाच्या उजव्या कडेला जिथे पान संपत होतं तिथे अजून एक कागद डिंकाने जोडून उपसागराचं तोंड काढलं. ओहाराचं त्यांना माहीत होतं. "म्हणजे त्या मैदानावर कॉर्नवॉलिस नव्हता आणि मी असणार," एवढंच म्हणाले आणि बराच वेळ वहीकडे बघत बसले.

तर ठरलं असं. सोमवारी रूट १३ ने पूल ओलांडून पोचायचं. मंगळवारी, सगळे ताजेतवाने असताना, सकाळी यॉर्कटाउन आणि दुपारी बीच. बुधवारी बुश गार्डन्स, नवरा आणि मुलं सकाळी, आम्ही तिघं संध्याकाळी. गुरुवारी जेम्सटाउन दोन गटांत आणि मग सगळे मिळून फेरी. शुक्रवारी सकाळी जुनं गाव, दुपारनंतर काही नाही, शनिवारी पहाटे परत. आईला विचारलं तर ती म्हणाली मला ट्रेनमध्ये बसव आणि संध्याकाळी ने, दिवसभर ते ओरडणं ऐकायला मला नकोच होतं. म्हणजे दोन आठवडे मी उगाच मनाला लावून घेतलं, आधीच विचारायला हवं होतं.

मुलाला व्हर्बोल्टनचं आत्ताच स्पष्ट सांगितलंय की रेघ ४८ ला पोचली तरच. थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला नाही पोचली तर मी आजोबांबरोबर ट्रेनमध्ये बसेन.

एक शेवटचा प्रश्न. बाबा एरवी गुडघ्यासाठी पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसतात. पुलावरून दक्षिणेला जाताना ती लढाई झाली तो समुद्र कुठल्या बाजूला येईल?

*

डावीकडे. उजवीकडे उपसागर. पूल सुरू व्हायच्या आधी गाडी थांबवून बाबांना ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवा, आणि ती सीट जरा मागे सरकवून ठेवा म्हणजे पाय लांब करता येतील.