मांजर आजारी आहे: सकाळपर्यंत थांबायचं की आत्ता निघायचं? (सोलापूरकरांचा अनुभव धागा)

मांजर दुखणं लपवतं. कपाटाखाली जाऊन बसतं, आणि आपण म्हणतो, झोपलंय, उद्या बघू. हा ‘उद्या’ कुठे चालतो आणि कुठे चालत नाही, तेवढंच इथे गोळा करू या. कौतुकाचे किस्से आणि फोटो नकोत. लक्षण, वेळ, माप आणि करायची रीत लिहा. औषधाचे डोस लिहू नका, ते वजन बघून डॉक्टरच ठरवतील.

सुरुवात मी करते. मांजर धडधाकट असतानाचे आकडे वहीत लिहून ठेवा, नाहीतर आजारपणात तुलना कशाशी करणार? गाढ झोपेत छाती किती वेळा वर-खाली होते ते ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. ३० च्या आत असेल तर ठीक. पुन्हा पुन्हा ३० च्या वर येत असेल तर डॉक्टरांना सांगा, ४० च्या वर गेलं तर त्याच दिवशी दाखवा. ताप काखेत कळत नाही. डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलिन लावून गुदद्वारात साधारण २ सेंमी घालावा लागतो. १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट हे नेहमीचं. १०४ च्या वर किंवा ९९ च्या खाली गेलं तर थांबू नका. अंग गार पडलेलं मांजर तापलेल्या मांजराइतकंच, कधी जास्तच धोक्यात असतं.

वजन दर महिन्याला करा. आधी आपलं एकट्याचं, मग मांजर उचलून घेऊन. पिल्लांना स्वयंपाकघरातला काटा लागतो. ४ किलोचं मांजर ४०० ग्रॅमने उतरलं तर डोळ्यांना दिसतही नाही, पण ६० किलोच्या माणसाने ६ किलो घालवल्यासारखं ते आहे.

— विजापूर रोड



ज्याला अजिबात थांबायचं नाही ते दुखणं म्हणजे बोक्याची लघवी तुंबणे. बोक्याची मूत्रनळी टोकाला फार अरुंद असते. त्यात खडे, चिकट स्राव किंवा वाळूसारखे स्फटिक अडकले की बूच बसतं. बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, मागचा भाग चाटत राहतो. घरच्यांना वाटतं शी अडकली, म्हणून एरंडेल पाजतात किंवा दूध देतात, आणि त्यात रात्र जाते.

आधी ट्रे बघा. ओल्या वाळूचा गोळा आहे का? नसेल तर पांढरा कागद पसरून त्यावर थोडी वाळू टाका, म्हणजे एक थेंब पडला तरी दिसेल. पोटाच्या मागच्या भागात लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा टणक गोळा हाताला लागला तर ती भरलेली मूत्रपिशवी आहे. ती दाबून लघवी काढायला जाऊ नका, फुटू शकते. पूर्ण तुंबल्यानंतर २४ तासांच्या आसपास रक्तात पोटॅशियम चढायला लागतं, हृदयाचे ठोके मंदावतात, उलट्या सुरू होतात. ४८ तासांपर्यंत जिवावर बेततं. माणसांचं मुतखड्याचं सिरप इथे काही कामाचं नाही, बूच कॅथेटरनेच (लघवीच्या वाटेने घालायच्या बारीक नळीनेच) निघतं. भूल, कॅथेटर, सलाईन आणि बहुधा दोन-तीन दिवस दवाखाना, एवढं धरून चाला. सोडल्यानंतरचा पहिला आठवडा सर्वांत जपायचा, कारण पुन्हा तुंबतं ते बहुतेक तेव्हाच.

हे आपल्याकडे जास्त बोलायला हवं, कारण उन्हाळा ४२-४३ अंशांचा आणि खाणं कोरडं. कोरड्या खाद्यात पाणी जेमतेम ८ ते १० टक्के, ओल्या खाण्यात ७५ टक्क्यांच्या वर. ४ किलोच्या मांजराला दिवसाकाठी खाण्यातलं धरून साधारण २०० मिली पाणी पोटात जायला हवं. नळाला चार-चार दिवस पाणी नसतं, म्हणून पिंपातलं तेच पाणी वाटीत दोन दिवस पडून राहतं आणि मांजर ते टाळतं. रोज दोनदा बदला. मिशा कडेला घासणार नाहीत असं पसरट भांडं ठेवा. मातीचं परळ उत्तम, त्यात पाणी गारही राहतं. घरात तीन-चार ठिकाणी ठेवा, ताटलीपासून लांब आणि ट्रेपासून तर फारच लांब.

मांजरीलाही लघवीची जळजळ होते, पण तिची नळी रुंद असते, सहसा तुंबत नाही. थोडी थोडी लघवी होत असेल तर सकाळपर्यंत थांबता येतं.

— पशुवैद्यक, होटगी रोड



डॉक्टरांनी लघवीचं लिहिलं, मी दोऱ्याचं लिहिते, कारण आमच्या पूर्वभागात घरोघरी दोरा आहे. मागाचं सूत, टॉवेलच्या दशा, विड्या बांधायचा दोरा, संक्रांतीला मांजा. मांजराच्या जिभेवर आत वळलेले काटे असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो गिळलाच जातो. एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं आतड्यात पुढे सरकतं, आणि आतडं नाडीत ओवलेल्या कापडासारखं चुणत जातं. मग दोरा आतडं कापतो.

तोंडातून किंवा मागून लोंबणारा दोरा ओढू नका. लांब लोंबत असेल तर थोडं टोक बाहेर ठेवून कापा आणि निघा. सुई असेल तर एक्स-रेत लगेच दिसते, सूत दिसत नाही. म्हणून “घरात सूत आहे” हे डॉक्टरांना आपण होऊन सांगायचं. उलट्या थांबत नाहीत, खाणं बंद, पोटाला हात लावू देत नाही, असं असेल तर रात्र काढू नका.

विडीच्या घरात आणखी एक जपायचं. तंबाखूचं सूप उघडं ठेवू नका. निकोटिनने अर्ध्या-एक तासात लाळ, उलटी, थरथर सुरू होते. आणि तंबाखूची भुकटी अंगावर बसली की मांजर ती चाटून पोटात घेतंच.

— पूर्वभाग



औषध दुकानात रोज दिसणाऱ्या चुका लिहितो. पहिली आणि जीवघेणी म्हणजे मांजराला ताप आला म्हणून पॅरासिटामॉल. अर्धी गोळीसुद्धा नाही. आपलं यकृत ज्या वाटेने हे औषध निकामी करतं ती वाट मांजरात फार तोकडी असते. काही तासांत हिरड्या तपकिरी-निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो, कारण रक्त प्राणवायू वाहू शकत नाही. चुकून दिलीच गेली असेल तर लपवू नका, किती मिलिग्रॅमची आणि किती वाजता ते सांगा. उतारा अॅसिटिलसिस्टीन, माणसांच्या दुकानातही मिळतो, पण तो डॉक्टरांच्या हातूनच. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकही नको.

दुसरी चूक, कुत्र्याचं गोचिडाचं औषध. मानेवर टाकायच्या ज्या थेंबांत पर्मेथ्रिन असतं ते मांजराला चढतं. कान फडफडतात, अंगाला कंप सुटतो, झटके येतात. नुकतंच लावलेलं असेल तर भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, टॉवेलने कोरडं करा आणि पुढे दवाखाना. पाकिटावर ‘मांजरासाठी’ आणि वजनाचा पट्टा, दोन्ही वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

तिसरी, फिनेल आणि डेटॉल. फरशीवरून पायाला, पायावरून जिभेला. जखम मिठाच्या पाण्याने धुवा, एक कप उकळून गार केलेल्या पाण्यात अर्धा चमचा मीठ. हे मीठ-पाणी बाहेरून. विष काढायला मिठाचं पाणी पाजणं हा दुसरा घात आहे.

— सात रस्ता



गोळी देण्याची रीत. सोलापुरी टॉवेल इथे खरा उपयोगी, जाड आणि लांब असतो. मांजर मधोमध, तोंड आपल्या विरुद्ध दिशेला. आधी एक बाजू मानेभोवतीपासून घट्ट, मग दुसरी, पुढचे पाय आत. डाव्या हाताने गालफडं वरून धरून नाक छताकडे करा, खालचा जबडा आपोआप सैल पडतो. गोळी जिभेच्या मागच्या उंचवट्यावर टाका, तोंड मिटा, गळा चोळा.

पुढची पायरी बहुतेकजण गाळतात. गोळीनंतर सिरिंजने ५ मिली पाणी गालाच्या बाजूने हळूहळू द्या किंवा लगेच ओलं खाणं द्या. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत मिनिटं न् मिनिटं अडकून राहते. डॉक्सिसायक्लिनची गोळी अशी अडकली तर आतून भाजते आणि अन्ननलिका कायमची आकसते. सरळ घशात पाणी सोडू नका, फुफ्फुसात जाईल.

— जुळे सोलापूर



लशींचं थोडक्यात. ट्रायकॅट (मांजराची तीन रोगांवरची एकत्र लस) ६ ते ८ आठवड्यांना पहिली, मग दर ३-४ आठवड्यांनी, आणि शेवटची १६ आठवड्यांच्या आधी संपवायची नाही. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लशीलाही निष्प्रभ करते आणि ती कधी उतरेल ते पिल्लागणिक वेगळं, म्हणून एवढे डोस. रेबीज १२ आठवड्यांना आणि पुढे वर्षाला. मांजर घराबाहेर पडत नसलं तरीही द्या. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. एप्रिलमध्ये दुकानातून दवाखान्यापर्यंत स्वतः नेणार असाल तर बर्फाच्या डब्यातच. पण बाटली थेट बर्फाला टेकू देऊ नका, गोठलेली लसही वाया जाते.

लस नसलेलं पिल्लू एकाएकी मलूल, पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलेलं, फेसाळ पिवळी उलटी, मग जुलाब: हा पॅनल्यूकोपेनिया (मांजरांचा जीवघेणा विषाणूचा आजार) धरूनच पळा. पांढऱ्या पेशी कोसळतात. मांजराचं तपासणीचं किट नसेल तर कुत्र्याच्या पार्व्होचं विष्ठेचं किट चालतं, विषाणू जवळचे नातेवाईक आहेत. मात्र निगेटिव्ह आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. घरात हा विषाणू वर्षभर तग धरतो. आधी साबणाने घासा, मग १ भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी, १० मिनिटं ओलं ठेवा, नंतर स्वच्छ धुवा. फिनेलने तो मरत नाही. वर सात रस्त्याच्या दादांनी फिनेलचं लिहिलंच आहे.

— शेळगी



खाण्याबद्दल दोन गोष्टी. शेंगाचटणीत लसूण आहे आणि रश्श्यात कांदा. दोन्ही मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवल्याने फरक पडत नाही. मटण-कोंबडी द्यायची तर मसाल्याआधी बाजूला काढलेली, शिजवलेली, हाड न देता. उजनीचा मासाही शिजवूनच द्या. कच्च्या रोहू-कटल्यात बी-१ जीवनसत्त्व नासवणारा घटक असतो, शिजवल्यावर तो मरतो. दूध-भाकरीवर मांजर जगतं असं वाटतं, पण टॉरिन (मांसातून मिळणारा, मांजराला लागणारा घटक) मिळत नाही, आणि डोळे व हृदय आतून खंगत जातात.

दुसरी: मांजराचा उपवास. दुसऱ्या दिवशीही तोंड लावलं नाही तर दवाखाना. लठ्ठ मांजर असेल तर जास्तच घाई, अंगावरची चरबी यकृतात साठते आणि कावीळ होते.

— बाळे



ऊन राहिलंच. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर ते कुत्र्यासारखं ‘गरम होतंय’ नसतं, ती धोक्याची खूण आहे. पत्र्याच्या खोलीत दुपारी कोंडू नका. कान, पंजे आणि पोट साध्या पाण्याने ओले करा आणि पंखा लावा. बर्फ नको, त्याने कातडीच्या रक्तवाहिन्या आकसून आतली उष्णता आतच राहते. अंगाचं तापमान १०३ ला आलं की ओलं करणं थांबवा, नाहीतर एकदम गार पडतं. आणि उठून चालायला लागलं तरी दाखवून आणाच, मूत्रपिंडाचा मार दोन दिवसांनी बाहेर येतो.

गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दारूकामाच्या रात्री होम मैदानाजवळच्यांनी संध्याकाळीच खिडक्या लावून घ्या. बुजलेलं मांजर दोन-दोन दिवस परतत नाही. आणि बुजलेल्या मांजराने चावलं तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, आणि त्याच दिवशी सिव्हिलला जा. हळद किंवा चुना भरू नका.

— नवी पेठ



प्रश्न आहे: कॅरियर नाही आणि रिक्षाने जायचंय. कसं नेऊ?

— अशोक चौक



ताई, भाजीचे दोन प्लास्टिक क्रेट एकमेकांवर पालथे घालून चारही कडा सुतळीने बांधा, आत जुनी चादर अंथरा, वरून ओलसर पंचा टाका. कापडी पिशवी नको, नखांनी फाटते. मोकळं मांडीवर तर मुळीच नको, हॉर्नने उडी मारतं. जमलं तर शीचा नमुना छोट्या डबीत, दिलेल्या औषधांची पाकिटं आणि लक्षणाचा मोबाईलवरचा व्हिडिओ बरोबर घ्या. दवाखान्यात गेल्यावर खोकला आणि लंगडणं हमखास गायब होतं.

आणि बोका तुंबलेला असेल तर निघण्याआधी फोन करा. “डॉक्टर आहेत का” एवढंच विचारून ठेवू नका. मांजराच्या मापाचं, ३ किंवा ३.५ फ्रेंचचं (फ्रेंच म्हणजे नळीच्या जाडीचं माप) कॅथेटर आत्ता दवाखान्यात आहे का, ते विचारा. नसेल तर त्याच फोनवर विचारा कुणाकडे आहे, आणि रिक्षा तिकडेच वळवा.

— पशुवैद्यक, होटगी रोड